ऑटोमॅटिक गाडीचा नवा गियर

मी गाडी चालवायला शिकले तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती आणि डावा गुडघा कुरकुरत होता. म्हणून घेतली ती ऑटोमॅटिक, छोटीशी, सेकंडहँड. क्लच नाही, गियर बदलायची कटकट नाही. दांडा एकदा 'डी'वर ओढला की महाडपासून मी शिकवते त्या नाते गावच्या शाळेपर्यंत त्याला हात लावायचं कामच नसे. तो काळा आहे की करडा, हेसुद्धा मला सांगता आलं नसतं.

माझ्या धाकट्या दिरांनी मात्र तो पहिल्याच भेटीत न्याहाळून ठेवला होता. ते मुंबईत डिलिव्हरीची व्हॅन चालवतात. कॉलेजची तीन वर्षं ते आमच्याकडे महाडला राहिले होते, त्याची जाण ठेवून दर खेपेला माझ्यासाठी काहीतरी घेऊन येतात. एकदा भाजी चिरायचं यंत्र आणलं, ते अजून खोक्यातच आहे. या एप्रिल महिन्यात त्यांनी पिशवीतून चकचकीत स्टीलचा बुटका गियर काढला. जुनी मूठ काढून दांड्यावर चढवायचा, वर लिंबाएवढी मूठ.

"वहिनी, हा बसवला की गियर कसा पटकन पडतो बघा!"

"पण भावजी, गियर मी टाकतच नाही. गाडीच टाकते."

"तरी पण. फील येतो ना."

"कसला?"

ते जरा अडखळले. "रेसिंगचा."

नात्याच्या रस्त्यावर शर्यत म्हशींशी लावायची का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर त्यांनी गाडीत बसून जुनी मूठ उपटलीसुद्धा. नवी बसवायला तीन बारीक स्क्रू होते. त्यातले दोन घट्ट बसले. तिसरा सीटखाली कुठेतरी गेला. "दोन पुरे," असं त्यांनी मला आणि बहुधा स्वतःलाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात गाडी तासभर उन्हात उभी राहिली. परत येऊन मी गियरला हात लावला आणि असा चटका बसला की हातातली कोथिंबीर दाराबाहेर उडाली आणि मी आत, असं झालं. शेवटी ओढणीनं धरून गियर 'डी'वर ओढला आणि घरी आले. हे घरी सांगितलं तर आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "मग आता फील आला का?"

सासूबाई डोळे दाखवायला महाडला आल्या होत्या. रविवारी त्यांना पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीवर सोडायचं होतं. दीर म्हणाले, "आधी आंबेनळी घाटात जरा टेस्ट घेऊ." सासूबाई पुढे बसल्या, दीर मागे, पण डोकं आमच्या दोघींच्या मधोमध.

"माझ्या शेळ्या वाट बघत असतील रे," सासूबाई म्हणाल्या.

"अर्ध्या तासात परत, आई. वहिनी, आता 'एम'मध्ये घ्या. वळण आलं की मागे-पुढे ढकलून आपणच गियर बदलायचा."

तो 'एम' मी तोवर कधी वापरला नव्हता. घेतला. एक वळण झालं, दुसरं झालं, मलाही मजा वाटायला लागली. तिसऱ्या वळणावर जोरात ओढला आणि तो अख्खा गियर माझ्या हातात आला.

मी एका हातानं स्टिअरिंग धरलं होतं आणि दुसऱ्या हातात ते स्टीलचं लिंबू. आरशात दिरांचा चेहरा पांढरा पडलेला दिसला.

"काय झाला गो?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, गियर निघाला," मी म्हटलं.

सासूबाईंनी तो माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, मग समोर रस्त्याकडे पाहिलं. गाडी शांतपणे वळण चढत होती.

"निघू दे की. गाडीला कुठं गरज हाय त्याची!"

मला इतकं हसू आलं की रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्यावी लागली. दीर मात्र हसत नव्हते. खाली उरलेली उघडी सळई बघून हळूच म्हणाले, "वहिनी, माझी चूक झाली. काही झालं असतं म्हणजे..." सासूबाईंनी कमरेचा रुमाल काढून त्या सळईला गुंडाळला, गाठ मारली आणि म्हणाल्या, "चल आता मागं."

उतारावर दीर गंभीरपणे शिकवत होते. "'एम'मध्येच ठेवा, खालच्या गियरमध्ये. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाही." आणि खरंच, ब्रेकवर सारखा पाय न देता मी घाट उतरले. हे सगळं गाडीत पहिल्यापासून होतं. मला ते समजलं गुंडाळलेल्या रुमालावर हात ठेवून.

पोलादपूर जवळ आलं. सरळ रस्ता दिसल्यावर त्यांचं मन राखायला मी म्हटलं, "भावजी, आता तुम्ही चालवा."

ते खुशीत बसले. शंभर पावलं गेली नसतील, त्यांचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि सापडला ब्रेक. आम्ही तिघंही पुढे आदळलो. सासूबाईंचा नवा चष्मा त्यांच्या मांडीवर.

"तू येवढी वर्सं गाडी चालवतोस ना रे?"

"ऑटोमॅटिक नाय चालवली गो कधी, आई," ते पुटपुटले. मुंबईची सगळी भाषा त्या एका ब्रेकसरशी उतरली होती. मग पहिल्यांदा ते हसले.

सासूबाईंना वाडीवर शेळ्यांपाशी सोडून आम्ही परतलो. सोमवारी महाडच्या मेकॅनिकनं जुनी मूठ दोन मिनिटांत बसवून दिली. असले गियर बसवावेत का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "दिसायला हवा असेल तर बसवा, मॅडम. आत गिअरबॉक्स तोच राहतो." शाळेत कोणी विचारलं तर मी हेच सांगते आणि 'एम' वापरायला शिका, एवढं वर जोडते.

दिरांनी सुट्टी चार दिवसांनी वाढवली. रोज सकाळी मला नात्याला सोडायला तेच गाडी चालवत, डावा पाय सीटखाली दुमडून, मला काहीही न शिकवता.