डिंभ्याच्या उतारावरचा लाल डाग

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. पुण्यात एका कचेरीत मी उपग्रहावरून काढलेले फोटो कॉम्प्युटरवर तपासायचो. एकाच जागेचे दोन वेगळ्या वर्षांचे फोटो त्याला द्यायचे. झाडी जिथे कमी झाली असेल तिथे तो आपोआप लाल रंग भरायचा. मला त्याचं भारी कौतुक. माणूस खोटं बोलेल, हा नाही, असं मी ज्याला त्याला ऐकवायचो.

एके दिवशी डिंभे धरणाच्या वरच्या उतारावर मोठा लाल डाग उमटला. ती जागा मी झोपेतही ओळखली असती. आईचे चुलते, म्हणजे आमचे आबा, तिथे भात करायचे. खालची जमीन धरणात गेल्यावर त्यांच्याकडे तेवढाच उतार उरला होता. आमचा नकाशा सरकारदरबारी जाणार होता. जंगलतोडीचा ठपका आला असता, तर तोही उतार त्यांच्या हातून गेला असता. मला राग आला तो आबांचाच. म्हाताऱ्याला एवढंही कळू नये!

पावसाळा संपता संपता सुट्टी मिळाली. घोडेगावहून एसटी धरली आणि लाल डागाच्या नकाशाचा कागद आबांसमोर आपटला.

"आबा, झाडं का तोडलीत?"

"कुनी तोडली? चल, दावतो."

वर जाऊन बघतो तर झाडं जागच्या जागी, हिरवीगार.

"फांद्या तेवढ्या उतरवल्या व्हत्या, राबाला. ल्हानपनी तू बी वढायचास की. इसारलास व्हय?"

विसरलो होतो खरा. भाताचं बी पेरायच्या जागेवर फांद्या, पालापाचोळा पसरून जाळायचा, तो राब. त्यासाठी शिमग्याच्या सुमारास झाडं बोडकी करतात, पुढे ती पुन्हा फुटतात. माझा जुना फोटो दिवाळीचा होता, नवा शिमग्याचा. कॉम्प्युटरनं दिसलं ते सांगितलं. महिने बघायचं काम माझं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत गेल्यावर साहेबांपुढे चूक कबूल केली. दोन्ही वर्षांचे दिवाळीचेच फोटो मिळवले आणि पुन्हा तपासले. उतारावर लाल ठिपकासुद्धा आला नाही. तोच नकाशा पुढे गेला. त्याची एक प्रत घेऊन मी मोठ्या खुशीत डिंभ्याला गेलो.

आबांनी चष्मा लावून कागद न्याहाळला.

"आन् ह्ये निळं?"

"धरणाचं पाणी. जुना फोटोही धरण भरल्यानंतरचाच आहे ना, म्हणून तिथेही काही बदल नाही म्हणतोय."

आबांनी निळ्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"हितं माजी भाताची चार खाचरं व्हती," ते म्हणाले. "काय बी बदल न्हाई म्हंतोय नव्हं? मग आसतील जागेवर."