पानी कोठलोक आलं?

कॉम्प्युटरच्या पडद्याला हात लावण्याआधी आबा बोट धोतराला पुसायचे. चांगलं घासून पुसायचे, तरी मातीचा डाग पडायचाच, आणि तोही नेमका समुद्रात. मग पाणी कुठवर पोचलं ते विचारायचे, "पानी कोठलोक आलं, माय?"

केनवडला आमच्या घरामागे शेजारच्या आबांचा भाजीचा मळा होता. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. उपग्रहानं टिपलेल्या चित्रांवर नद्यांची मुखं, किनाऱ्यावरची मिठागरं, खाऱ्या जमिनी यांच्या कडा आखायच्या. वाशीम जिल्ह्यात बसून समुद्राची राखण करणाऱ्या पोरीची गावात काय टिंगल होत असेल, ते तुम्हीच ओळखा. आबा मात्र मेथीची जुडी घेऊन आले आणि खुर्ची ओढून बसले.

गोदावरीचं मुख पाहून ते खवळलेच. समुद्राजवळ येऊन नदीला चहूकडे फाटे फुटलेले. "पान्याचा दांड फुटला अन् पानी देनारा कोठी झोपला?"

मिठागराच्या चौकोनांवर मात्र खूश. "वाफे मस्त पाडले. काय लावलं?"

"मीठ, आबा. पाणी भरायचं आणि वाळू द्यायचं."

"मंग आपलाच धंदा हाये, उलटा."

ते काही भूगोल शिकायला येत नव्हते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आजी, म्हणजे त्यांच्या मंडळी, वारल्या होत्या. आजींना समुद्र पाहायचा होता. आबा सांगायचे, "दरसाल मी म्हनो, वांगे निघू दे, मंग जाऊ. वांगे काई सरले नाहीत." म्हणून त्यांची राख आबांनी हट्टानं पैनगंगेत सोडली, नदी तरी नेईल म्हणून. पण उन्हाळ्यात पैनगंगेला वाहतं पाणी कुठलं? एक डबकं तेवढं उरलं होतं. राख तिथंच तळाला बसली.

"म्या तिले पुन्हा घरीच बसवलं, माय," आबा म्हणाले.

मग आम्ही दोघं पाण्याच्या मागे लागलो. पावसानं नदी वाहती झाली, पण पुढे इसापूरच्या धरणात अडली. धरणावर आबांचं समाधान नव्हतं. त्यात आभाळ भरलेलं, चित्रात नुसता कापूस पिंजलेला. शेवटी मी आदल्या वर्षीचं स्वच्छ चित्र काढून दाखवलं. त्यांच्या जिवाला बरं वाटेल, एवढाच हेतू.

"हे कव्हाचं?"

मला खोटं बोलवेना.

"मंग नोको. तव्हा थे घरी भाकरी थापून राह्यली होती."

पुढे धरणाचे दरवाजे उघडले. दिवाळीच्या तोंडावर आभाळ मोकळं झालं आणि मुखाचं नवं चित्र आलं. गढूळ पाणी निळ्या समुद्रात लांबवर शिरलं होतं. पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी ही वाट आबांना एव्हाना पाठ झाली होती. त्यांनी त्या दिवशी बोट पुसलंच नाही, तसंच टेकवलं.

"पोचली, माय. पाहून राह्यली आता."

मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि पोटभर रडले. त्याआधी माझ्या लेखी त्या नुसत्या आखायच्या कडा होत्या. त्या पाण्यात कुणाचं तरी माणूस असू शकतं, हे मला आबांनी दाखवलं. नोकरी कंपनीनं दिली खरी, पण ती आवडायला लागली ती आबांमुळे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

यंदाच्या वैशाखात आबा गेले. नाशिकला न्यायचं का, असं पाहुण्यांपैकी कुणी तरी विचारलं. आबांच्या मुलांनी राख पैनगंगेच्या त्याच डबक्यात सोडली.

माझा पडदा हल्ली अगदी स्वच्छ असतो. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी मी पहिल्यांदा धरणाचं चित्र उघडते.

आबा, पाणी अजून इसापुरातच आहे. दरवाजे उघडले की सांगते.