द्वारकेच्या चार रिकाम्या पानांची गोष्ट

द्वारका पाटी पुसण्याआधी ती एकदा वाचायची. आम्ही बाकीच्या मुली घंटा झाली की थुंकी लावून, फराकाने पाटी घासून मोकळ्या व्हायचो. ती मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवायची, एखादा काना राहिलेला सापडला की तो देऊन घ्यायची आणि मगच ओल्या चिंधीने पाटी पुसायची. "पुसायचंच आहे तर दुरुस्त कशाला करतेस?" असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "चुकलेलं पुसलं तर ते चुकलेलंच राहतं ना."

बऱ्हाणपुरात राजपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत आम्ही शेजारी बसत होतो. इंग्रजी अमलाचा काळ. मुलींना चौथीच्या पुढे पाठवणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. माझे वडील कचेरीत कारकून होते, म्हणून मी शाळेत होते. द्वारकेचे वडील बुधवारा पेठेत जरीसाठी चांदीची तार ओढत. केसाहून बारीक तार ते नुसती बोटांतून सोडत आणि कुठे जाड, कुठे पातळ ते सांगत. त्यांचं बोलणं निम्मं हिंदी. "एक बार देखा तो आधा देखा, बेटी," असं ते म्हणत आणि द्वारका ते वाक्य शाळेत घेऊन येई. मला त्या वाक्याचा राग यायचा. कारण आमच्या चंद्राबाईंनी तेच फळ्यावर लिहिलं होतं आणि खाली द्वारकेचं नाव घातलं होतं.

मी हुशार होते. पाठांतर माझं, गाणं माझं, आवाज माझा. तरी बाई वही उघडून दाखवायच्या ती द्वारकेची. मी घरी जाऊन तिच्यासारखे समास आखायची. ते तिच्यासारखे व्हायचेही. पण ओळी लिहायला लागले की माझा धीर सुटायचा.

आम्ही चौदा वर्षांच्या असताना नागपूरला शिक्षिकेचं शिक्षण घेण्यासाठी एका मुलीला शिष्यवृत्ती मिळणार असं ठरलं. परीक्षेत आम्हा दोघींचे गुण सारखे पडले. तेव्हा चंद्राबाईंनी शाळेमागच्या तुकड्यातलं कपाशीचं एकेक झाड आम्हाला नेमून दिलं. महिनाभर रोज पाहायचं आणि जे दिसेल ते चित्रासह वहीत लिहायचं. निर्णय शाळा तपासायला येणाऱ्या तपासनीस बाई देणार होत्या.

मधेच माझ्या मामाचं लग्न आलं. मी तीन दिवस रावेरला होते. परत आल्यावर मी ती तीन पानं मनाने भरली. झाडाची दोन पानं, एक कळी, एक फूल, त्यात काय मोठंसं! त्याच महिन्यात द्वारकेला ताप आला. चार दिवस ती अंथरुणावर होती. तिच्या वहीत त्या चार तारखांखाली प्रत्येकी एकच ओळ होती, "आज आले नाही. पाहिलं नाही."

तपासनीस बाईंनी दोन्ही वह्या चाळल्या. द्वारकेची वही सुंदर होती, हे त्यांनी कबूल केलं. पण त्या म्हणाल्या, "ही अपुरी आहे. ही दुसरी पूर्ण आहे." दुसरी वही माझी.

वर्गाबाहेर द्वारकेने माझी वही मागितली. नाही कसं म्हणणार? ती पानं उलटत गेली आणि एका पानावर तिचं बोट थांबलं.

"सुशे, फूल उमललं त्या दिवशी पिवळट. दुसऱ्या दिवशीही पिवळटच?"

मी वही परत घ्यायला हात पुढे केला.

"कपाशीचं फूल दुसऱ्या दिवशी लाल पडतं गं," ती म्हणाली. तिने वही मिटली आणि माझ्या हातात दिली. चंद्राबाईंची खोली दहा पावलांवर होती. ती तिकडे गेली नाही.

मी नागपूरला गेले. त्याच वर्षी द्वारकेचं इच्छापूरला शेतकऱ्याच्या घरी लग्न झालं. खरं सांगते, ते ऐकून मला बरं वाटलं. आता वर्गात माझ्या शेजारी बसून मला मागे टाकणारं कुणी नव्हतं.

पुढे मी बऱ्हाणपूरला आमच्या त्याच शाळेची मुख्य बाई झाले. इच्छापूरला इच्छादेवीच्या दर्शनाला गेले असताना कळलं, की द्वारका विधवा झाली आहे आणि दिराच्या घरी राहते. मी तिला भेटायला गेले. ओसरीवर सात-आठ मुली पाट्या घेऊन बसल्या होत्या आणि ती त्यांना सांगत होती, "कळ आणि काळ, मधे एका काठीचं अंतर आहे, पोरींनो." त्या मुली तिच्याकडे ज्या डोळ्यांनी पाहत होत्या, तसं माझ्याकडे माझ्या शाळेतल्या मुलींनी कधी पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांनी, कुंकू नसलेल्या त्या बाईचा मला पुन्हा हेवा वाटला.

मुली गेल्यावर मी म्हणाले, "द्वारके, ती वही..."

"मला ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा मला नागपूरला पाठवणारच नव्हते. लग्न ठरून गेलं होतं. पण पहिला नंबर मला हवा होता. तो तू नेलास. मी बारा वर्षं तुझ्यावर जळत राहिले, सुशे. तूही जळत होतीस का?"

"हो."

"मग फिट्टंफाट," ती म्हणाली आणि चुलीवर चहा ठेवायला उठली.

माझ्या शाळेत एक जागा रिकामी होती. आठवडाभर मी द्वारकेचं नाव कुणाजवळ काढलं नाही. ती आली तर शाळेतली चांगली बाई कोण, हे सगळ्या गावाला दिसणार होतं. शेवटी मी तिच्या दिराशी बोलले, त्याची समजूत घातली आणि शाळा समितीला शिफारसपत्र लिहिलं. त्यात म्हटलं, "यांचं काम बहुतेक बाबतींत माझ्यापेक्षा सरस आहे." पाठवण्याआधी तिला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं.

"बहुतेक नाही," ती म्हणाली. "गाणं तू चांगलं शिकवतेस. गणितही. मोठ्या मुली तुझंच ऐकतील. शुद्धलेखन आणि चित्रकला, या दोन बाबतींत मी सरस. दोन असं लिही."

मी 'दोन' लिहिलं.

नऊ वर्षं ती माझ्या शाळेत होती. त्या नऊ वर्षांत आमच्या मुलींच्या वह्या पाहायला दुसऱ्या शाळांतून बाया येत. मी त्यांना त्या वह्या दाखवायची आणि दर वेळी मला आत कुठेतरी टोचायचं. पण तिच्यामुळे मीही फळ्यावर लिहून झालं की दोन पावलं मागे सरून ते वाचायला लागले.

विषमज्वराने ती अकरा दिवसांत गेली. शाळेतल्या मुली व्हरांड्यात बसून रडल्या, धाकट्या मुलींना तर आवरेना. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझेही डोळे वाहत होते. आणि तशातच माझ्या मनात आलं, मी गेले असते तर या मुली इतक्या रडल्या असत्या का? द्वारका जिवंत असती तर तिलाच हे विचारलं असतं. तिने नीट विचार करून, खरं तेच उत्तर दिलं असतं.