पुंजारामच्या फळ्यावरची ओळ

टेंभुर्णीत रस्त्याच्या कडेला पुंजारामचं घर होतं आणि घराच्या भिंतीवर एक काळा फळा होता. शाळेनं मोडीत काढलेला, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. १९८४ साली पुंजाराम जालन्याहून भाजीपाल्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला आणि दुसऱ्याच आठवड्यात फळा भिंतीला लागला. दर सोमवारी सकाळी त्यावर ताजा मजकूर असायचा. मिरचीवर सध्या कोणती कीड आहे, औषध कोणतं, एका पंपाला बाटलीची किती झाकणं, फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही. लोकांनी आधी त्याला 'मास्तर' म्हणून चिडवलं. पुढं चिडवणं गेलं आणि मास्तर तेवढं राहिलं. भल्याभल्यांना त्याचं बोट दाखवून बोलणं सहन होत नसे, पण सायकल थांबवून फळा वाचल्याशिवाय कुणी शेताकडं जात नसे.

दुर्गाबाईला वाचता येत नव्हतं. तिचा नवरा साहेबराव जालन्याच्या एमआयडीसीत सळ्यांच्या कारखान्यात होता, शनिवारी यायचा. अर्धा एकर भाजीपाला सगळा तिच्या अंगावर. सोमवारी ती गवताचा भारा खाली टाकायची आणि म्हणायची, "वाचा भाऊजी, आज काय लिव्हलं?" पुंजाराम वाचायचा. ती शब्दनशब्द घोकायची आणि जेवढी झाकणं औषध, तेवढ्या गाठी पदराला मारायची. सात वर्षांत तिची एक गाठ चुकली नाही. अशी विद्यार्थीण मिळाल्यावर कोणत्या मास्तरची छाती फुगणार नाही? पुंजारामची तर जरा जास्तच फुगली होती.

फळ्याखाली फवारणीचा पाठीवरचा एक पंप असायचा. ज्याच्याकडं पंप नाही त्यानं न्यावा, धुऊन आणावा. न धुता आणणाऱ्याची पुंजाराम चारचौघांत बिनपाण्यानं करायचा. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, हे तर त्यानं फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याला गणती नाही.

आणि ९१ सालच्या हिवाळ्यात त्यानंच गव्हातलं तण मारायला तोच पंप नेला. लाईट आली होती, गव्हाला पाणी धरायचं होतं, घाई होती. त्यानं पंप साध्या पाण्यानं दोनदा खळबळला आणि फळ्याखाली आणून ठेवला. धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजत ठेवायला पाहिजे, हे दुसऱ्याला सांगायला तो विसरला नसता.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईनं तो पंप नेला. टमाट्यावर करपा दिसत होता आणि फळ्यावर करप्याचं औषध लिहिलेलं होतं. पाचव्या दिवशी ती दारात आली. "भाऊजी, जरा चला. झाडं कशानं तरी वाकडीतिकडी होऊन राह्यलीत."

पुंजाराम बांधावर उभा राहिला. शेंडे पिळवटलेले, पानं दोरीसारखी बारीक. विहिरीजवळच्या चार सऱ्या मात्र हिरव्यागार होत्या. "तितं औषध पुरलं न्हाई," दुर्गाबाई म्हणाली. पंप बांधावरच पडला होता. त्यानं झाकण काढून नाक लावलं. तणनाशकाचा तो उग्र वास अजून आत होता.

आता बोलायचं होतं. माझ्या पंपानं झालं वहिनी, एवढंच. पण गावात आपल्या शब्दाचं काय राहील, हा एकच विचार डोक्यात आला आणि तोंडातून भलतंच निघालं. "बोकड्या रोग आला, वहिनी. व्हायरस. ह्याला औषध न्हाई. उपटून जाळावं लागंल."

"माझं काय चुकलं का? गाठी तर बराबर होत्या."

"तुमचं काय न्हाई चुकलं," तो म्हणाला. त्याच्या पूर्ण बोलण्यात खरं म्हणावं असं तेवढं एकच वाक्य होतं.

त्याला वाटलं, वाकडी झाडं जातील, चार सऱ्या राहतील, तेवढ्यावर तिचं निभेल. हे त्यानं बोलून दाखवलं नाही, कारण बोलला असता तर त्या चार सऱ्याच का वाचल्या हेही सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी तो तिकडून गेला, तर सगळं रान मोकळं. विहिरीजवळच्या सऱ्यासुद्धा. फळं लागलेली झाडं ढिगात जळत होती आणि दुर्गाबाई हात काळे करून उभी होती.

"ह्या तर चांगल्या होत्या, वहिनी."

"होत्या. पण तुम्ही रोग म्हणलात ना. मंग पल्याडच्या कौसल्याच्या टमाट्याला लागला असता तर? म्हणून ठिवल्या न्हाईत." ती अगदी साधेपणानं बोलली, आणि त्या साधेपणानंच त्याला कापून काढलं. घरी येऊन तो जेवला नाही. स्वतःची इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

सोमवारी त्यानं फळ्यावर, कोपऱ्यात एकच ओळ लिहिली. लोक थांबले, वाचून एकमेकांकडं बघत पुढं गेले. दुर्गाबाई आली, भारा टाकला. "वाचा भाऊजी, आज काय लिव्हलं?"

त्याला ते वाचावं लागलं. "माझ्या तणनाशकाच्या पंपानं दुर्गाबाईचे टमाटे गेले. रोग नव्हता."

तिनं त्या ओळीकडं बघितलं. मग म्हणाली, "चार सऱ्या चांगल्या होत्या मंग."

"होत्या."

तिनं भारा उचलला आणि गेली. त्यानं आपल्या रानातली निम्मी कोबी तिला देऊ केली, ती तिनं घेतली नाही. पुढच्या सोमवारी ती फळ्यासमोरून मान खाली घालून गेली. त्यानंतरच्याही. पुंजारामनं तणनाशकासाठी दुसरा पंप आणून त्याला लाल रंग दिला. बाकीचा मजकूर तो दर आठवड्याला पुसायचा, पण त्या ओळीवरून कधी फडकं फिरवलं नाही. खडू फिका पडला की तीच अक्षरं पुन्हा गिरवायची.

त्या सुमारास गावात बायांचा साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. दुर्गाबाई त्यात जाते, हे पुंजारामला बायकोकडून कळलं.

वर्षभरानं एका सोमवारी ती फळ्यासमोर थांबली. पुंजाराम उठला, सवयीनं वाचायला तोंड उघडलं. तिनं हातानंच थांबवलं. मग ती फळ्याजवळ गेली आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत सगळं वाचलं. वांग्याचं औषध, झाकणं, तोडणीचे दिवस. सगळ्यात शेवटी ती कोपऱ्यातल्या ओळीवर आली. तिथं तिला खूप वेळ लागला.

"माझं नाव असं लिव्हतेत व्हय," ती म्हणाली.

मग तिनं पदराला तीन गाठी मारल्या आणि स्वतःचा पंप पाठीवर घेऊन शेताकडं निघाली.