काकूंचं काउंटर

मशीनची शिटी वाजायच्या आधीच सुनंदाकाकूंचा हात तळणीच्या जाळीकडे गेलेला असायचा. तेलाचा आवाज बारीक झाला की बटाटे झाले, हे त्यांचं गणित. मॅनेजर पंचविशीचा, नियमाचा पक्का. शिटीपर्यंत थांबा, असं तो रोज बजावायचा. "थांबते की. करपले तर तूच खा," एवढं बोलून काकू जाळी उचलायच्या.

कर्वे रोडवरच्या त्या बर्गरच्या दुकानात मी कॉलेज सांभाळून अर्धवेळ काम करायचे. काकू पंचेचाळिशीच्या. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यावर वारज्याहून बसने येऊ लागल्या होत्या. सगळ्यांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायची, असा कंपनीचा नियम होता. त्यांना तो आवडायचा; लग्नानंतर नुसतं सुनंदा असं कुणी म्हटलंच नव्हतं, म्हणायच्या. मला मात्र ते कधी जमलं नाही. मी काकूच म्हणत राहिले.

दुपारी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली कॉम्प्युटर कंपन्यांतली मुलं यायची. "जेवायला वेळ नाही म्हणून इथे येतात, आणि वीस मिनिटं रांगेत उभी राहतात," काकू म्हणायच्या. ती मुलं बटाट्यांचं मोठं पाकीट घ्यायची आणि अर्धं टाकून घड्याळ बघत पळायची. शिवाय तळून सात मिनिटांत विकले न गेलेले बटाटे आम्हीच फेकून द्यायचो. ते फेकताना काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

मग तेलाच्या धुराने त्यांची छाती धरली. तळणीपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मॅनेजरने महिनाभर काउंटर दिलं. कंपनीची तपासणी नीट झाली तर ते कायम, नाहीतर पुन्हा तळणी. तिसरी जागा त्यांच्यासाठी नव्हती. तपासणीस साध्या गिऱ्हाईकासारखा रांगेत यायचा आणि ठरलेली इंग्रजी वाक्यं म्हटली जातात की नाही ते बघायचा. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, मोठं पाकीट देऊ का.

ती वाक्यं मी त्यांच्याकडून कपडे बदलायच्या खोलीत घोकून घेतली. मी इंग्रजी शाळेतली म्हणून पहिल्या दिवसापासून काउंटरवर होते, पण गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघायचे नाही. काकू एकदा म्हणाल्या, "तुला येतं पण तू बोलत नाहीस. मला बोलायचंय पण मला येत नाही. वाटणीच चुकली बघ."

तपासणीस आला तेव्हा मी शेजारच्याच काउंटरवर होते. आदल्या खेपेला तो माझ्या रांगेत येऊन गेला होता आणि नंतर मॅनेजरने कॅमेऱ्यात मला त्याचा चेहरा दाखवला होता, त्यामुळे मी त्याला लगेच ओळखलं. काकूंना कोपर लावलं असतं तरी पुरलं असतं. मी पेल्यांची चळत सरळ करत राहिले.

काकूंनी वाक्य अगदी स्वच्छ म्हटलं. तो हो म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. किडकिडीत, एकटा माणूस. "एकटेच आहात ना? मग लहानच घ्या हो. उगाच टाकावं लागतं," त्या मराठीत म्हणाल्या. तो हसला आणि लहान घेऊन गेला. काकू दिवसभर खुशीत होत्या.

आठवड्याने अहवाल आला. काकू तळणीवर परत गेल्या. त्याच अहवालात आदल्या खेपेबद्दल, माझ्या काउंटरवर एकही चूक नाही असं लिहिलं होतं, आणि महिनाभरात मी शिफ्टची प्रमुख झाले.

"तुला ओळखू आला होता का गं तो?" त्यांनी एकदाच विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्या बरं म्हणाल्या आणि जाळी तेलात सोडली.

पुढे चार महिने खोकल्याबरोबर काढून त्या थांबल्या. काम सोडायचा फॉर्म इंग्रजीत होता. काय लिहिलंय ते वाच, असं मला म्हणाल्या. नोकरी स्वतःच्या मर्जीने सोडते आहे असं लिहिलंय, मी सांगितलं. त्यांनी सावकाश, गिरवल्यासारखी सही केली. त्याखाली शिफ्टप्रमुखाची सही लागत होती. मी ती केली.