नारळाएवढ्या अंतरावरचा वॉल्ट्झ

दोन हजार सालच्या आसपास, गणपतीत, तुमच्या आजोबांनी आणि मी सगळ्या आळीसमोर एकमेकांच्या हातात हात घालून नाच केला. (घाबरू नका, तेव्हा आमचे लग्न झालेले होते.)

आळीतल्या स्पर्धेचा विषय होता ‘देशोदेशीचे नाच’. समोरच्या सुशीलावहिनी दरवर्षी कप नेत आणि दिवाळीपर्यंत तो ओटीवर मांडून ठेवत, अगदी माझ्या खिडकीसमोर! त्या वर्षी वहिनी करवंट्या वाजवत स्पेनचा फ्लॅमेन्को करणार होत्या. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली; करवंट्यांना शरण जाणार? मी वॉल्ट्झ जाहीर केला.

“म्हणजे मिठी मारून? या वयात?” सुशीलावहिनींनी विचारले.

“मध्ये नारळ मावेल एवढं अंतर ठेवून!” मी बाणेदारपणे उत्तर दिले.

तालीमही खराच नारळ मध्ये धरून सुरू झाली. मी मोजायची, “वन, टू, थ्री!” आजोबा ‘वन’ला माझा डावा पाय तुडवीत, ‘टू’ला उजवा, आणि ‘थ्री’ला नारळ पडे. (तोही माझ्याच पायावर!)

“अहो, आपण राजवाड्यात आहोत असं समजा.”

“अगं, मी संगमेश्वरचा. राजवाडा कुठून आणू?”

स्पर्धेच्या संध्याकाळी सुशीलावहिनींच्या करवंट्या अशा कडाडल्या की टाळ्या थांबेनात. मग आम्ही. आधी मी माइकवरून सांगितले की वॉल्ट्झचा उगम ऑस्ट्रिया-बव्हेरियातल्या खेडुतांच्या गरगर फिरण्याच्या नाचात आहे आणि पुढे तो राजवाड्यात पोचला. (दोघातिघांनी जांभया दिल्या.) कॅसेट लागली, आम्ही पहिली गिरकी घेतली, आणि वीज गेली!

कोणीतरी पेट्रोमॅक्स पेटवला. त्या उजेडात मी एक पाय मागे टाकून थिजलेली, आणि पहिल्या रांगेत सुशीलावहिनींचे हसू.

“चल, उतरू या,” आजोबा पुटपुटले.

“आणि कप? जागचं हलायचं नाही!”

आमच्यानंतर जाखडी होती. (गणपतीत आपल्याकडे पुरुष ढोलकीवर फेर धरून नाचतात, तो नाच. कानात बाळ्या घालून मुंबईला कामाला जाणाऱ्या कोकणी गड्यांमुळे त्याला बाल्या नाचही म्हणतात.) ढोलकीवाला पडद्यामागे तयारच होता, आणि तो निघाला आजोबांच्या गावचा.

“भाऊ, थांबू नको! आमी हाव!” असे ओरडून त्याने थाप मारली.

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या अंगात अख्खे गाव संचारले! लहानपणी शिकलेले पाय आपोआप सुटले. गुडघ्यातून झोक, टाच आपटून उडी, गर्रकन फेर! माझा हात त्यांनी सोडलाच नव्हता, त्यामुळे दोरीला बांधलेल्या शेरडासारखी मी मागून गरगरत होते. चष्मा उडाला, अंबाडा सुटला. मध्ये नारळ तर राहोच, सुपारीही मावेना!

“अहो, वन, टू, थ्री!”

“मोजू नको, नाच!”

मग नाचले! जाखडीवाले आमच्याभोवती फेर धरून आले, लोक खुर्च्यांवर चढले, आणि खुद्द सुशीलावहिनींनी न राहवून करवंट्यांनी ताल धरला!

कप आम्हाला मिळाला. परीक्षक म्हणाले, “राजवाड्यात गेलेला नाच यांनी पुन्हा खेड्यात आणून दाखवला. ही विलक्षण कल्पना कोणाची?”

“माझी!” मी अंबाडा बांधत म्हणाले. आजोबांना अशी धाप लागली होती की त्यांना हरकत घेताच आली नाही.