चिंचेखालचा नाका

२०२० साल. माझं वय बाहत्तर. शाळा दुसरीपर्यंत, पण मान कुणापुढं वाकवली न्हाय.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या हद्दीवर, बोरगावच्या अलीकडं आमचं गाव. हायवेवर कोरोनाचा नाका बसला आणि तो चुकवणाऱ्या गाड्या आमच्या वेशीवर येऊन थटल्या. दोन्ही राज्यांतल्या वाटा तिथल्या चिंचेपाशी मिळतात. वेढाच पडला म्हणा. माणसं गावात घुसायची, नळावर तोंड धुवायची, दारात खोकायची. आमच्या मंडळींची, म्हंजे बायकोची, छाती तंबाखूच्या वखारीत राबून आधीच गेलेली. डॉक्टर म्हणालते, "हा आजार घरात आला तर आक्का वाचायच्या न्हाईत." पोलीस मागितले, मिळाले न्हाईत.

मग मी आणि माझा जोडीदार पैलवान, चिंचेला दोरी बांधून बसलो. त्याच्याकडं साखर कारखान्याच्या वॉचमनकीची खाकी वर्दी होती. पोटावर बटणं लागत न्हवती, म्हणून त्याला लांब पाठमोरा उभा केला.

महाराष्ट्राची गाडी आली की मी कन्नडात ओरडायचो, "गाडी हिंदक्क तगी! कर्नाटक लागलं, मागं फिरवा." कर्नाटकाची आली की मराठीत, "महाराष्ट्रात घुसलाय. चौदा दिवस शाळेत कोंडून ठेवतील." हद्द नेमकी कुठं हाय ते आम्हालाच धड ठाऊक न्हाय, त्यांना काय कळणार? गाड्या वळायच्या आणि पैलवान हसून गदगदा हलायचा.

"नीट उभा ऱ्हा रं, लोकांस्नी वाटंल साहेब रडाय लागल्यात!"

एका दुपारी बेळगावच्या नंबरची जीप आली. मी नेहमीसारखं म्हणालो, "हे महाराष्ट्र हाय."

आतला माणूस उतरला. "अण्णा, मी ह्याच तालुक्याचा अधिकारी. हे गाव माझ्याकडनं कधी गेलं?"

पैलवान उसात पळाला. मी दोरी सोडली न्हाय. "तुमचं असतं तर तुमचे पोलीस दिसले असते की, साहेब."

 तो असा हसला की ड्रायव्हरबी हसाय लागला. "उद्या पाठवतो. आज तुम्हीच सांभाळा."

"पास?" मी विचारलं. त्यानं काढून दाखवला. तेव्हा कुठं दोरी खाली केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पोलीस आले, वेस मोकळी झाली. इतके दिवस आत कोंडलेल्या मंडळींना हाताला धरून मी अंगणात आणलं, उन्हात बसवलं, आणि मागं बसून त्यांच्या डोक्याला तेल लावलं.

"बाया बघाय लागल्यात," त्या म्हणाल्या.

"बघू देत," मी म्हणालो, आणि वेणी घालायला घेतली.